भुंग्याचं वजन

भुंग्यानं तराजूची दांडी उचलली तेव्हा हंगरगेकर सरांनी टाळी वाजवली. मी दोन वर्षं त्यांच्या प्रयोगशाळेत राबत होते, पण माझ्यासाठी त्यांनी कधी चुटकीसुद्धा वाजवली नव्हती.

"महानंदा, इकडं ये. हे बघ," ते म्हणाले.

गेले. न जाऊन सांगते कुणाला? टेबलावर सोनाराच्या दुकानात असते तशी काचेची पेटी होती आणि आत पितळेचा नाजूक तराजू. एका बाजूचं पारडं काढून तिथं बारीक, ताठ तार लावली होती. तारेच्या खालच्या टोकाला, पाठीवर लाखेचा ठिपका देऊन, एक काळा भुंगा चिकटवलेला. भुंगा जिवाच्या आकांतानं पंख मारत होता आणि क्षिप्रा चिमट्यानं समोरच्या पारड्यातली वजनं काढत होती. एक वजन काढलं की पेटीचं दार लावायची, बघायची, पुन्हा उघडायची. भुंग्याच्या वजनाइतकं सगळं काढून झालं तरी वर भुंग्याचीच बाजू. म्हणजे गडी स्वतःला उचलून वर आणखी काहीतरी उचलत होता.

"सव्वापट," क्षिप्रा म्हणाली आणि माझ्याकडं बघून हसली. खिजवायला नाही हसली. बघ ना गं, कशी गंमत, असं हसली. तेच तर मला सहन होत नव्हतं. खिजवलं असतं तर दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आता मी स्वतः मुलांना शिकवते, केस पिकले, चष्मा आला. पण ते हसू आठवलं की अजूनही फळ्यावरचा खडू थांबतो, खोटं कशाला बोलू?

आमचं काय चाललं होतं ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, या बायांना दुसरे उद्योग नव्हते. विमान पुढं जातं म्हणून वर राहतं. थांबलं की पडलं. भुंग्याचं तसं नाही. तुरीच्या फुलासमोर तो हवेत उभा राहतो. पुढं नाही, मागं नाही, जागच्या जागी. पंख बघावे तर एवढेसे आणि अंग हे जाडजूड. विमानाचं गणित त्याला लावलं की उत्तर येतं, हा पडलाच पाहिजे. तो काही पडत नाही. गणित कुठंतरी चुकतंय हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. कुठं चुकतंय, हा प्रश्न होता, आणि आमच्या लातूरच्या कॉलेजात त्या प्रश्नामागं सर, मी आणि ही क्षिप्रा कुलथे असे तिघं लागलो होतो.

माझी पद्धत तेलाची. भुंग्याचा पंख इतका लहान की हवा त्याला आपल्यासारखी पातळ लागतच नाही. आपण काकवीत हात फिरवावा तशी ती त्याला दाट लागते. म्हणून पंख हाताच्या पंजाएवढा मोठा करायचा, सावकाश हलवायचा, आणि हवेच्या जागी तेल घ्यायचं. मग मोठ्या पंखाला तेलात जे होतं तेच लहान पंखाला हवेत होतं. आमच्या आप्पांची तेलाची मिल. मी हट्ट धरला आणि त्यांनी शेंगदाण्याच्या तेलाचे डबे पाठवले. मोठ्ठं काचेचं टाकं, भंगारातल्या ट्रकच्या वायपरची मोटर, पत्र्याचे पंख, पंख किती भार उचलतात ते दाखवणारा काटा, आणि तेलातल्या हालचाली दिसाव्यात म्हणून रांगोळीवर टाकतात ती चमकी. कॉलेजभर माझं नाव 'तेलवाली' पडलं होतं. पडू दे.

त्या टाक्यात मी एक गोष्ट बघितली होती. पंख वायपरसारखा इकडून तिकडं जायचा, टोकाला पालथा व्हायचा, परत यायचा. जाताना त्याच्या पुढच्या कडेवर चमकीचा एक भोवरा तयार व्हायचा आणि पंख जाईल तिकडं त्याच्याबरोबर जायचा, आईनं कडेवर घेतलेल्या पोरासारखा. हा भोवरा पंखाला वर ओढून धरतो. विमानाच्या गणितात हा भोवराच नव्हता. मी तो पहिल्यांदा बघितला तेव्हा एकटीच टाक्यासमोर उभी राहून रडले होते.

पण भोवरा धरूनही माझा आकडा यायचा पाऊणपट. भुंग्याला हवेत उभं राहायला लागतं त्याच्या पाऊणच. पाव कुठं जात होता देव जाणे. दोन वर्षं मी त्या पावामागं लागले होते. आणि ही बया ज्येष्ठात आली, बापाच्या दुकानातला जुना तराजू घेऊन बसली, आणि दिवाळीच्या आत सव्वापट.

क्षिप्रा सोनाराची पोर. हात असे स्थिर की बर्फात गारठवलेला भुंगा चिमट्यात धरून त्याच्या पाठीवर लाखेचा ठिपका असा द्यायची की पंखाला धक्का लागायचा नाही. काम झालं की नखानं ठिपका उडवून भुंगा खिडकीतून सोडून द्यायची. टेबलावर पसारा, वेणी सुटलेली, डबा कधी आणायची नाही, माझ्याच डब्यात हात घालायची. आणि तरी सगळ्यांना ती हवी. शिपाई तिला चहा आधी द्यायचे. सर तिच्या वेंधळेपणावर हसायचे. मी चमचा जरी खाली पाडला तरी म्हणायचे, महानंदा, लक्ष कुठंय? माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. रात्री अंथरुणावर पडलं की मी तिच्याशी भांडायची, मनातल्या मनात, आणि तिथंही तीच जिंकायची.

हे सगळं गिळलं असतं मी. पण दिवाळीनंतर बंगळुरूहून हिरेमठबाई यायच्या होत्या. त्यांच्या प्रयोगशाळेत एक कॅमेरा होता, भुंग्याचा पंख त्यात बैलगाडीच्या चाकासारखा सावकाश फिरताना दिसायचा म्हणे. त्यांनी सरांना कळवलं होतं की आमच्यातल्या एकीला त्या घेऊन जातील. एकीलाच. इकडं आप्पांनी मला बजावलं होतं, "दोन वर्षं केलीस हौस. आता तिथं जागा मिळाली तर जा, मी अडवायलो नाही. नाहीतर मिलवर येऊन बस. तसंही तेलाचंच काम करायलीस ना?" म्हणजे माझ्यासाठी एक तर बंगळुरू, नाहीतर गल्ला. आणि सव्वापटच्या शेजारी पाऊणपट उभा केला तर कुणीही काय उचलेल?

दिवाळीच्या तोंडावर आप्पांचा माणूस हातगाडा घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभा. आप्पांनी गावातल्या देवळाला कार्तिकभर दिव्यांना तेल द्यायचं कबूल केलं होतं आणि मिलमध्ये दिवाळीच्या गिऱ्हाइकांची झुंबड. मग त्यांना आठवलं, पोरीच्या टाक्यात तेल नुसतं पडलंय. मी निरोप पाठवला की त्यात चमकी आहे. उत्तर आलं, चमकी असू दे, देवाला काय वाईट दिसतंय? तेल गेलं. तूप तर आमच्याकडं मुळातच नव्हतं.

टाकं निम्म्यावर आलं. पंख उघडे पडले. मी चरफडत सगळा सांगाडा खाली सरकवला, पंख पार तळाजवळ नेले, आणि मोटर चालू केली. काटा चढला. चढत चढत एकच्या पुढं गेला!

पाव सापडला होता. मोटर बंद केली, चालू केली, पुन्हा तेच. मी धावत सरांकडं जाणार होते, दारापर्यंत गेलेही. आणि तिथंच थबकले. मी बदललं काय होतं? पंख तेच, मोटर तीच, तेल तेच. फक्त तळ जवळ आला होता. मी परत येऊन चमकीकडं बघितलं. पंखानं खाली ढकललेलं तेल तळावर आपटत होतं, त्याला जायला जागा नव्हती, ते पंखाखाली दाटून पंखालाच टेकू देत होतं. आकडा पंखाचा नव्हताच. तो तळाचा होता. भुंगा फुलासमोर उभा राहतो तेव्हा त्याच्याखाली कुणी पाट ठेवत नाही.

मी स्टुलावर बसले. पाव पुन्हा गेला. आणि मग हळूहळू, अंगात ऊब यावी तसं, दुसरं काहीतरी डोक्यात आलं.

क्षिप्रा भुंगे धरायला शेतावर गेली होती. मी तिच्या टेबलाशी गेले. हात कशालाही लावला नाही, नुसतं वाकून बघितलं. तराजू सोनं तोलायचा, ठेंगणा. पारड्याच्या जागी भुंगा टांगला की त्याच्याखाली पेटीची लाकडी बैठक किती अंतरावर? माझं एक बोट. आणि चारी बाजूंनी काच. सोनार तराजूच्या पेटीचं दार लावल्याशिवाय वजन बघत नाही. पंख्याचा, श्वासाचा वारा लागला तरी गुंजेचा फरक पडतो. हे त्यांच्या रक्तातच. कुलथ्यांच्या घरात मूल रांगायला लागलं की आधी हेच शिकत असणार, दार लाव. पण इथं वारा बाहेरून येतच नव्हता. वारा भुंग्याचाच होता. दार लावून तिनं भुंग्याचा वारा भुंग्याखालीच कोंडला होता. सव्वापटातलं बरंचसं त्या पेटीचं होतं.

खरं सांगते, मला इतका आनंद झाला की मी डब्यातल्या दोन्ही करंज्या उभ्या उभ्या खाल्ल्या.

तिला सांगायचं का, हा प्रश्नच मला पडला नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, अय्या खरंच की, आणि दुसऱ्या दिवशी नवीन काहीतरी करून पुन्हा टाळी घेतली असती. ते नाही. विचारायचं ते हिरेमठबाईंसमोर. प्रश्न खरा होता, कुणी तरी विचारायलाच हवा होता, आणि तो मी विचारणार होते. यात माझं काय चुकलं ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही.

हिरेमठबाई धारवाडच्या. ठेंगणी मूर्ती, इरकली साडी, मराठी बोलायच्या पण कानडी हेल काढून. वर्गात पंचवीसेक माणसं जमली होती. आधी मी बोलले. भोवरा दाखवला, पाऊणपटही सांगितला. बाईंनी मान डोलावली, भोवऱ्याबद्दल बारकाईनं दोन गोष्टी विचारल्या. मला बरं वाटलं. मग क्षिप्रा उठली. वेणी सुटलेलीच. सरांनी तिच्याकडून मोठा रंगीत तक्ता करून घेतला होता, त्यावर लाल अक्षरांत सव्वापट. ती नेहमीसारखी हातवारे करत बोलली, लोक हसले, बाई हसल्या. सरांचं तोंड तर पेढा खाल्ल्यासारखं. एकच गोष्ट मला जरा वेगळी वाटली. त्या लाल आकड्याशी आली तेव्हा ती भरभर वाचून पुढं गेली, आणि तिची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली.

मी हात वर केला.

"क्षिप्रा, भुंग्याच्या खाली पेटीची बैठक किती अंतरावर आहे?"

"बोटभर," ती म्हणाली.

"आणि मोजताना दार?"

"बंद."

"मग त्यानं खाली ढकललेला वारा जातो कुठं?"

सर खुर्चीत पुढं सरकले. मी वाट बघत होते, ती आता लालीलाल होईल, त-त-प-प करेल. दिवाळीभर मी या क्षणाची स्वप्नं बघितली होती.

"कुठंच नाही," ती म्हणाली. "तो बैठकीवर आपटून भुंग्यालाच उचलतो. मी दार उघडं ठेवून, तराजू विटांवर उंच चढवूनही बघितलंय. आकडा उतरतो. महानंदाच्या पाऊणपटाच्याही जरा खालीच येतो. या तक्त्यावरचा आकडा चुकीचा आहे."

असं म्हणून तिनं टेबलावरचा खडू घेतला आणि स्वतःच्या तक्त्यावरचा लाल आकडा खोडला. सरांकडं बघितलंसुद्धा नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी कुजबुजलं की आज सोनाराचे कान तेलवालीनं टोचले. पण हसलं कुणी नाही.

हिरेमठबाईंनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी तिला विचारलं, "आता पुढं काय करशील?"

"तार सोडीन," क्षिप्रा म्हणाली. "तारेला टांगलेल्या भुंग्याला पडायची भीतीच नाही. मग तो जीव तोडून कशाला उडेल? आणि मोकळा भुंगा हवेत उभा आहे म्हणजे तो आपलं वजन उचलतोयच, कमी नाही की जास्त नाही. किती उचलतो हे विचारायची गरजच नाही बाई. कसं उचलतो, एवढंच विचारायचं. मी चार महिने चुकीचा प्रश्न विचारला."

मी खाली बसले. दोन वर्षं मी त्या पावामागं डोकं फोडत होते आणि हे असलं सोपं, सरळ वाक्य माझ्या तोंडातून एकदाही निघालं नव्हतं. बाईंचा चेहरा मी बघितला आणि निकाल तिथंच कळला. चहा झाल्यावर त्यांनी सरांना तो सांगितला. क्षिप्राला त्या नेणार होत्या. माझ्या भोवऱ्याचं कौतुक केलं, चिकाटीचंही. चिकाटीचं कौतुक कुणाचं करतात ते सगळ्यांना माहीत असतं. मी तिला पाडायला गेले आणि माझ्याच हातानं तिला बंगळुरूच्या गाडीत बसवून आले.

दुपारी मी टाक्याशी बसले होते तर ती आली, शेजारच्या स्टुलावर बसली, आणि विचारल्याशिवाय माझा डबा उघडला.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले. "मग आधी बोलली का नाहीस?"

तिनं सांगितलं की सरांना तिनं दोनदा सांगितलं होतं. सर दोन्ही वेळा हसले. सोनाराची पोर ना तू, दार उघडं ठेवून कधी तराजू चालतो का, म्हणाले, आणि तक्ता करून घेतला. सगळ्यांसमोर आपण होऊन त्यांना खोटं पाडायचा तिला धीर होईना.

"इथं सगळ्यांना मी आवडते गं," ती म्हणाली. "म्हणून माझं कुणी तपासतच नाही. मला वाटलं, तू विचारशील. म्हणून तुझ्याकडं बघत होते. माझ्यावर जळणारं इथं एकच माणूस आहे."

"मी काही तुझ्यावर जळत नाही."

"बरं," ती म्हणाली आणि चकली मोडून अर्धी माझ्यापुढं धरली.

मी ती घेतली नाही. नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, चकली कसली खाते? माझं लपवलेलं सगळं तिला पहिल्यापासून दिसत होतं, आणि तिनं ते कामाला लावलं होतं, विहिरीवर बैल लावावा तसं. त्याचा राग आला. आणि रागाच्याही खाली, ती म्हणाली ते खरं होतं, याचा आणखी राग आला.

पुढचे दिवस वाईट गेले. सरांनी तक्त्याचा विषय काढला नाही, पण माझ्या टाक्याचा काढला. म्हणाले, महिनाअखेर टाकं रिकामं कर, त्या जागेवर कपाटं ठेवायची आहेत. घरी आप्पांनी गल्ल्याशेजारी एक नवी खुर्ची आणून ठेवली. त्यांच्या परीनं ते माझं मनच राखत होते.

ती निघाली त्या दिवशी मला म्हणाली, स्टँडवर ये. तिचे आईवडील, दोन मावश्या, सामानाचं गाठोडं, सगळे होते. मी कशाला हवी होते? पण गेले. सोलापूरची गाडी लागली. सगळे चढले-उतरले, पाया पडून झालं, आणि ती खिडकीतून वाकून मला म्हणाली, "महानंदा, तुझे पंख पालथे व्हायला उशीर करतात."

"काय?"

"टोकाला जाऊन मग पालथे होतात. भुंगा तसं करत नाही. सरांच्या लुकलुकत्या दिव्याखाली पंख थबकल्यासारखा दिसतो ना, तिथं मी बघितलंय. टोक यायच्या जरा आधीच तो पंख फिरवायला घेतो. रिक्षावाला वळणाच्या आधीच हँडल फिरवतो तसा. तुझा पाव तिथं असेल."

"माझं टाकं तू कधी बघितलंस?"

"रोज," ती म्हणाली. "तू जेवायला गेलीस की."

कंडक्टरनं घंटी मारली. तिची आई रडायला लागली. मी हात केला की नाही ते आठवत नाही, कारण माझं लक्ष वायपरच्या मोटरीवर गेलं होतं. पंख पालथा करणारी आकडी मी टोकाशी बसवली होती. का, तर वायपर टोकाला जाऊनच परततो. ट्रकचं यंत्र ट्रकसारखं वागणार. भुंगा काही ट्रक नव्हता.

स्टँडवरून सरळ प्रयोगशाळेत गेले. आकडी उखडली, थोडी अलीकडं बसवली. तेल पुरेना, म्हणून मिलवर जाऊन आप्पांच्या नाकासमोरून डबे उचलून आणले आणि टाकं पुन्हा भरलं. पंख मधोमध घेतले, तळापासून लांब, कुणाचा टेकू नको. मोटर लावली.

काटा चढायला लागला. पाऊण ओलांडला. मग सावकाश, एकाच्या खुणेशी आला, थरथरला, आणि तिथंच राहिला. पंख वळताना चमकी कशी सुटत होती ते मी बघत राहिले. भोवरा कडेवरून उतरायच्या आतच नवा चढत होता. मी मोटर बंद केली नाही. वाटलं, बंद केली तर हे जाईल.

सर आले तेव्हाही मी तशीच उभी होते. त्यांनी काटा बघितला, टाक्याभोवती एक चक्कर मारली, पुन्हा काटा बघितला. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "महानंदा, जमलं की गं तुला."

आता इथं मी गप्प बसू शकले असते. क्षिप्रा तेव्हा सोलापूरच्या रस्त्याला होती, खिडकीतलं आमचं बोलणं दुसऱ्या कुणी ऐकलं नव्हतं. पण खोट्या आकड्यावर तिनं खडू फिरवला तो माझ्या समोर, आणि मी तिच्याहून उणी पडणार नव्हते. दात आवळून मी सांगितलं की ही युक्ती माझी नाही, क्षिप्रानं सुचवली. प्रत्येक शब्दाला जीव जात होता.

सर गोंधळले. "असं कसं? ती तर काल येऊन बसली होती तासभर. म्हणाली, पंख आधी फिरवायची कल्पना महानंदाची आहे, तिला वेळ द्या, टाकं हलवू नका. हिरेमठबाईंनाही तिनं तसंच कळवलंय. त्या म्हणाल्या आहेत, आकडा एकवर आला तर पुढच्या वर्षी हिलाही पाठवा."

कपाटं आता दुसरीकडं ठेवा, हे सांगायला ते शिपायाला हाक मारत बाहेर गेले. मी स्टुलावर बसले. आकडा बरोबर होता. टाकं राहिलं होतं. पुढच्या वर्षी बंगळुरूला जायला मला आता आप्पाही अडवणार नव्हते. माझं सगळं मला मिळालं होतं, आणि ते देऊन ती मेली हसत हसत निघून गेली होती. त्या दिवशी मी तिच्यावर जेवढी जळले, तेवढी त्याआधी कधीच जळले नव्हते.